आदी मान्यवर

राजकीय व्यंगपट काढणाऱ्या दिग्दर्शकांची एक भाबडी समजूत असते. सत्ताधाऱ्यांचं आणि बातमीवाल्यांचं साटंलोटं पडद्यावर उघडं केलं, की प्रेक्षक आधी हसेल, मग अस्वस्थ होईल आणि शहाणा होऊन घरी जाईल, असं त्यांना वाटतं. या हिशेबात बापू धरलेले नसतात. बापू हसतात ते भलत्याच ठिकाणी. अस्वस्थ व्हायला त्यांना वेळ नसतो. आणि शहाणपणाचं म्हणाल तर तो त्यांचा धंदाच आहे. सिनेमाला ते वही घेऊन बसतात.

बापू म्हणजे कुणी एकच माणूस नव्हे. महाराष्ट्रात जितके तालुके तितके बापू. आणि जिथे बाजार समिती, साखर कारखाना आणि नगरपालिका तिन्ही आहेत तिथे तीन. कुठे त्यांना आप्पा म्हणतात, कुठे तात्या. मुंबई-पुण्यात तेच काम करणाऱ्या पोराला 'मीडिया कन्सल्टंट' म्हणतात आणि बापूंच्या वीसपट पैसे देतात. बापूंचा हुद्दा खरं तर 'प्रसिद्धीप्रमुख'. पण निमंत्रणपत्रिका बापूच छापून आणतात आणि नावं कोंबता कोंबता जागा नेहमी कमी पडते, त्यामुळे तो हुद्दा छापायचा राहून जातो.

आमच्या तालुक्याचे बापू पन्नाशी ओलांडलेले. अंगात पांढरा शर्ट, साहेबांच्या शर्टापेक्षा किंचित मळका. हे मुद्दाम, फोटोत साहेब उजळ दिसले पाहिजेत. फोन दोन. एक वाजला की तो न उचलता दुसऱ्यावरून तिसऱ्याच माणसाला लावतात. खांद्यावरच्या बॅगेत पाच संस्थांची लेटरहेड, त्यांचे शिक्के, साहेबांसाठी कंगवा आणि सत्काराची शाल. शाल एकच आहे. सत्कारमूर्तीच्या खांद्यावरून ती स्टेजच्या मागून परत येते; यायला वेळ लागला की समजावं, निवेदकाला दोन चारोळ्या जास्त म्हणाव्या लागणार. बापूंचे साहेब आजवर तीनदा बदलले, त्यातल्या दुसऱ्या साहेबांचा पक्ष त्याहून जास्त वेळा. मजकूर मात्र तोच राहिला. 'तालुक्याचे भाग्यविधाते मा.' आणि पुढे टिंबं. 'यांच्या दूरदृष्टीमुळे' आणि पुढे पुन्हा टिंबं. निष्ठेचा प्रश्न बापूंना कधी पडला नाही, कारण ते त्या टिंबांशी एकनिष्ठ आहेत.

आमच्या वाचनालयाच्या माडीवर आम्ही काही मंडळी महिन्यातून एकदा चांगले सिनेमे बघतो. पडदा म्हणजे भिंत, प्रोजेक्टर कॉलेजचा, चहा ज्याचा त्याचा. एक निवृत्त मुख्याध्यापक, एक दंतवैद्य बाई, विमा कंपनीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, आणखी चारदोन माणसं. एका वर्षी मी राजकीय व्यंगपटांची माळ लावली, माध्यमांना कसं वाकवलं जातं त्यावरची. खालच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं, ते वाचून बापू वर आले.

"सर, ह्यात शिकण्यासारखं असेल ना?"

मी जन्मभर मास्तरकी केलेली. या प्रश्नाला 'नाही' म्हणणारा मास्तर अजून जन्मायचा आहे.

पहिला सिनेमा बॅरी लेव्हिन्सनचा 'वॅग द डॉग'. १९९७ चा. अमेरिकेची निवडणूक जेमतेम दोन आठवड्यांवर आलीय आणि राष्ट्राध्यक्षाचं एका अल्पवयीन मुलीशी गैरवर्तनाचं प्रकरण फुटतं. ते निस्तरायला कॉनराड ब्रीन नावाच्या दाढीवाल्या गृहस्थाला बोलावतात. रॉबर्ट डी नीरो. हा माणूस प्रकरण नाकारण्यात वेळ घालवत नाही, त्याच्या डोक्यावर त्याहून मोठं प्रकरण आणून ठेवतो. हॉलिवूडचा एक निर्माता गाठतो, डस्टिन हॉफमन, आणि दोघे मिळून अल्बानियाशी युद्ध उभं करतात. युद्ध सगळं स्टुडिओत. एक पोरगी घाबरून धावत येते, तिच्या हातात बटाट्याच्या चिप्ससारखं कसलंसं पाकीट, ते नंतर संगणकावर मांजराचं पिल्लू होणार. मागे गाव जळतंय, तेही संगणकातच. पिल्लू कोणत्या रंगाचं यावर खल चाललाय, तेवढ्यात खुद्द राष्ट्राध्यक्षांचा निरोप येतो: पांढरं.

आमचे मुख्याध्यापक इथे इतके हसले की त्यांना ठसका लागला. बापू मोबाइलच्या उजेडात लिहीत होते. मध्यंतरात त्यांनी आपणहून वही दाखवली. 'मांजर – पांढरं. आपल्याकडे वासरू.' खाली दोन रेघा मारून: 'अल्बानिया – कारण तिथलं कुणाला काहीच माहीत नाही.' मग मला हळूच विचारलं, "सर, आपल्याला अल्बानिया कुठला पडेल?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

त्या सुमारास आमच्याकडे साहेबांच्या मेव्हण्याच्या गटाराचं प्रकरण गाजत होतं. बिल निघालं होतं, गटार निघालं नव्हतं. माहिती अधिकारात कुणीतरी कागद मिळवले होते आणि ते जिल्ह्याच्या पेपरांपर्यंत पोचले होते. सिनेमानंतरच्या सोमवारी तालुक्यात फ्लेक्स लागले: 'आमच्या हक्काचं पाणी पळवणाऱ्यांनो, याद राखा!' पाणी पळवणारा कोण, तर वरचा तालुका. धरण त्या वेळी सांडव्यावरून वाहत होतं, पळवापळवीची कुणाला गरज नव्हती, पण धरणापर्यंत जाऊन बघणार कोण? मंगळवारी रास्ता रोको. बुधवारी पहिल्या पानावर फोटो: एक म्हातारी, तिच्या कडेला रिकामा हंडा, शेजारी वासरू. पांढरं. वासरू बापूंच्या चुलतभावाच्या गोठ्यातलं होतं आणि फोटो संपेपर्यंत त्याने म्हातारीचा पदर निम्मा खाल्ला, हे मी प्रत्यक्षदर्शींकडून ऐकलं. हंडा इतका नवा होता की त्यावरचं दुकानाचं लेबल फोटोत वाचता येत होतं. कुणीतरी ते दाखवून दिलं, तेव्हा बापूंनी एका तासात खुलासा दिला: पाण्याच्या शोधात वणवण करून जुना हंडा झिजला, तेव्हा माउलीला नवा घ्यावा लागला.

गटार आठवड्याभरात लोकांच्या डोक्यातून गेलं. त्यानंतर एका संध्याकाळी बापूंना फोन आला तो वरच्या तालुक्यातून, तिथल्या बापूंचा, आभार मानायला. त्यांच्याकडे शाळांच्या पोषण आहारातल्या तांदळाचं प्रकरण होतं. तेही त्याच पाण्यात वाहून गेलं होतं.

'वॅग द डॉग'च्या नशिबात पुढे जे घडलं ते मी मुद्दाम बापूंना सांगितलं, त्यांना थोडं ओशाळं वाटेल म्हणून. सिनेमा १९९७ च्या नाताळात लागला आणि लगेच जानेवारीत क्लिंटन-लेविन्स्की प्रकरण फुटलं. १७ ऑगस्ट १९९८ ला क्लिंटननी दूरचित्रवाणीवर येऊन संबंधांची कबुली दिली आणि तीन दिवसांनी अमेरिकेने अफगाणिस्तानातल्या तळांवर आणि सुदानमधल्या खार्टूमच्या औषध कारखान्यावर क्षेपणास्त्रं सोडली. पत्रकारांनी संरक्षणमंत्र्यांनाच या सिनेमावरून छेडलं.

"म्हणजे आधी पिक्चर आलं, मग घटना घडली?" बापूंनी विचारलं.

"हो."

"मग त्यात नवल काय, सर? आमचीपण प्रेस नोट आधीच जाते."

ती खरंच आधी जाते. कार्यक्रम संध्याकाळी सहाला असला तर बातमी दुपारी तीनला जिल्ह्याच्या ठिकाणी पोचलेली असते, कारण पान लवकर सुटतं. तिच्यात टाळ्यांचा कडकडाट असतो, प्रचंड जनसमुदाय असतो, शेवटी कुणीतरी आभारही मानलेले असतात. एकदा वळवाच्या पावसात मांडव कोसळला आणि कार्यक्रम झालाच नाही. सकाळी पेपरात जनसमुदाय साहेबांच्या दीड तासाच्या भाषणाने मंत्रमुग्ध झाला होता. साहेबांनी कात्रण चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "बरं बोललो की मी!"

ऑगस्ट ९८ च्या गोष्टीला एक पोटगोष्ट आहे. त्या क्षेपणास्त्रांच्या आधी, ७ ऑगस्टला, नैरोबी आणि दार-ए-सलाममधल्या अमेरिकी वकिलातींवर बॉम्बहल्ले झाले होते. दोनशेच्या वर माणसं मेली होती. क्षेपणास्त्रं योग्य ठिकाणी पडली का हा वाद वेगळा, पण सोडायला कारण तरी खरं होतं. सिनेमा बघितलेल्यांना मात्र कारण दिसेना, तारीख तेवढी दिसत राहिली. पुढच्या वर्षी नाटोचे बॉम्ब पडत असताना सर्बियाच्या दूरचित्रवाणीने हाच सिनेमा आपल्या लोकांना दाखवला. व्यंगपट एकदा सुटला की कुणाच्याही हातात सापडतो, याचं मला जरा वाईट वाटतं. बापूंना ते फार आवडलं.

"म्हणजे खरं घडलं तरी लोक म्हणणार बनाव आहे?"

"तसं झालं खरं."

"मग आपण बनाव केला तर बिघडलं कुठं?" आणि वहीत लिहिलं. पुढे गटाराच्या चौकशीचा खराखुरा अहवाल आला, तेव्हा बापूंच्या खुलाशाची पहिली ओळ होती: 'हा सगळा प्रकार एखाद्या परदेशी चित्रपटाला शोभेल असा रचलेला आहे.' अहवाल त्या एका वाक्यात संपला.

पण त्या रात्री सिनेमाच्या शेवटी मात्र बापू गप्प झाले होते. हॉफमनच्या निर्मात्याने सगळं युद्ध रचलं, गाणी रचली, एक हुतात्मा वीर रचला, निवडणूक जिंकून दिली, आणि शेवटी त्याला एवढंच हवं असतं की हे आपण केलं असं लोकांना कळावं. राजदूतपद देऊ केलेलं त्याला नको असतं, नाव हवं असतं. मग बातमी येते की निर्माते पोहण्याच्या तलावाशी हृदयविकाराने वारले. ज्या पोरीच्या हातात मांजर दिलं होतं तिलाही आधीच बजावलेलं असतं, हे काम केलंस असं कुठे लिहिशील तर जिवाला मुकशील. दिवे लागले. मुख्याध्यापक 'व्वा!' म्हणाले. बापूंनी वही मिटली आणि एवढंच बोलले, "त्याने नाव मागायला नको होतं."

बापूंचं नाव आजवर पेपरात कुठेही छापून आलेलं नाही. हजारो बातम्या त्यांनी लिहिल्या असतील. प्रत्येकीच्या शेवटी नावांची रांग असते: सभापती, उपसभापती, संचालक, माजी संचालक, एकदा तर 'नियोजित संचालक'. आणि मग 'आदी मान्यवर उपस्थित होते'. बापू त्या 'आदी'त असतात. मुलीच्या लग्नाची पत्रिका घरी आली तेव्हा बायको म्हणाली, "वधूपित्याच्या जागी तरी नाव घातलंत, हे बरं केलंत." तिथेही वर साहेबांचा फोटो होताच.

'नेटवर्क'ला ते वेळेआधी येऊन बसले. सिडनी लुमेटचा, पॅडी चायेफ्स्कीने लिहिलेला, १९७६ चा हा सिनेमा मला स्वतःला 'वॅग द डॉग'पेक्षा मोठा वाटतो. हॉवर्ड बील नावाचा वृत्तनिवेदक प्रेक्षक घटले म्हणून नोकरीवरून जाणार असतो. तो थेट प्रक्षेपणात जाहीर करतो की पुढच्या आठवड्यात मी याच जागी बसून जीव देणार. वाहिनी हादरते, पण आकडे चढतात. मग वाहिनीच त्याला रोजचा कार्यक्रम देते: ये आणि बोंबल. बील संतापाने ओरडतो, लोक खिडक्या उघडून त्याच्यासारखेच ओरडतात आणि मधल्या वेळात जाहिराती लागतात. पीटर फिंचने तो बील असा काही केलाय की बघताना घसा आपला दुखावा. त्याला त्यासाठी ऑस्कर मिळालं, पण ते घ्यायला तो जिवंत नव्हता.

हे मी भारावून सांगत होतो. बापूंच्या वहीत एकच ओळ होती: 'राग चालतो.'

साहेब तोपर्यंत सौम्य प्रकृतीचे म्हणून प्रसिद्ध होते. इतके सौम्य की भाषणात ते कधी थांबले हे लोकांना टाळी वाजवून विचारावं लागे. बापूंनी त्यांना रागावायला शिकवलं. एका गुरुवारी आमच्या सगळ्यांच्या फोनवर व्हिडिओ आला: खड्ड्यातल्या रस्त्यावर साहेब उभे, समोर बांधकाम खात्याचे उपअभियंता मान खाली घालून, आणि साहेब त्यांना जनतेच्या पैशांबद्दल सुनावतायत. वर लाल अक्षरांत 'अधिकाऱ्याला भर रस्त्यात झापलं!' दोन दिवसांत तो अख्ख्या जिल्ह्यात फिरला. ते उपअभियंता माझे विद्यार्थी. बाजारात भेटले तेव्हा मी हळहळलो. ते म्हणाले, "नाही हो सर, बापूंचा आदल्या दिवशी फोन आला होता. उद्या अकरा वाजता तुम्हाला झापायचंय, अर्धा तास काढा. मी म्हटलं, फार नको, मुलीचं जमतंय. तर म्हणाले, वडिलांचा उल्लेख येणार नाही, एवढी जबाबदारी माझी." पहिल्या खेपेला मागून एसटी आली आणि साहेबांचा आवाज बुडाला. दुसऱ्यांदा साहेबांना हसू फुटलं. तिसऱ्या खेपेचा आम्ही बघितला. तो रस्ता ज्याने केला तो ठेकेदार त्या व्हिडिओत साहेबांच्या मागे उभा राहून मान डोलावतोय, हे मला उशिरा दिसलं.

आणि आमचे मुख्याध्यापक, ज्यांनी 'नेटवर्क' संपल्यावर उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या, ज्यांनी चहाच्या वेळी 'माध्यमं संतापाचा बाजार मांडतात' असं घोळवून घोळवून सांगितलं होतं, त्यांनी तो व्हिडिओ वाचनालयाच्या ग्रुपवर पाठवला आणि खाली लिहिलं, 'असा नेता हवा!' दंतवैद्य बाईंनी त्यावर तीन अंगठे दिले. व्यंगपटाचा खरा प्रेक्षक बापू आहेत असं मला वाटतं ते यामुळे. बाकीचे आपण, शहाण्यांनी शहाण्यांसाठी केलेल्या विनोदाला हसून घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी वासरू बघून कळवळतो.

'नेटवर्क'चा शेवट बापूंना पटला नाही. आकडे पडायला लागल्यावर वाहिनीवालेच बीलचा थेट प्रक्षेपणात गोळ्या घालून खून करवतात. "एवढं कशाला? जिल्हा नियोजन समितीवर घ्यायचं," म्हणाले.

एलिया कझानचा 'अ फेस इन द क्राउड', १९५७ चा, त्यांनी साहेबांनाही दाखवला. गिटार वाजवणारा एक भटक्या रेडिओवर लोकप्रिय होतो, मग टीव्हीवर, मग राजकारण्यांना शिकवण्या देऊ लागतो. आणि एकदा कार्यक्रम संपल्यावर, माइक बंद आहे अशा समजुतीने, आपल्याच चाहत्यांना मूर्ख म्हणतो. माइक चालू असतो. त्या दिवसापासून साहेब माइकपासून दहा फुटांवर असले तरी खुणांनीच बोलतात. पाणी हवं असलं तरी.

'सिंहासन' लावला तेव्हा मला वाटलं, हा तरी घरचा सिनेमा. जब्बार पटेलांचा, १९७९ चा, अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी लिहिलेला. व्यंगपट म्हणता येईल की नाही यावर आमच्यात वाद झाला, पण त्यात निळू फुले यांचा दिगू टिपणीस आहे. सत्तेच्या सगळ्या खोल्यांतून हिंडणारा, सगळं माहीत असलेला आणि त्याचं काहीच करू न शकणारा पत्रकार. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवून डॉ. लागू. शेवटी सगळे एकमेकांत मिसळतात, खुर्ची तशीच राहते आणि दिगू वेडा होऊन हसत सुटतो. ते हसू ऐकलं की माझ्या अंगावर आजही काटा येतो.

बापू खूप वेळ विचार करत बसले होते. मग म्हणाले, "सर, एक समजलं नाही. मुख्यमंत्र्यांशी इतकी ओळख असलेल्या माणसाला वेड लागायचं कारण काय?"

'जाने भी दो यारों'तली भक्ती बर्वेंची संपादिका त्यांना ओळखीची वाटली. बिल्डरची भानगड छापण्यासाठी नव्हे, न छापण्यासाठी शोधणारी. "ह्या बाई आपल्याकडे आहेत, फक्त पुरुष आहेत," ते म्हणाले, आणि ते खरं आहे. आमच्याकडची तीन साप्ताहिकं दिवाळीत, निवडणुकीत आणि कुणाचं काही सापडलं तर अशीच निघतात. त्या दोन बिचाऱ्या फोटोग्राफरांबद्दल बापूंना सहानुभूती नव्हती. फोटो काढावेत, मोठे करून बघू नयेत. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याचं कौतुक करणारा एकच लेख वेगवेगळ्या दैनिकांत शब्दशः सारखा छापून आल्याचं पी. साईनाथांनी चव्हाट्यावर आणलं होतं, त्याची मी आठवण करून दिली. बापू व्यथित झाले. पैशांचा मुद्दा नव्हता. "तीन विशेषणं इकडची तिकडं करायला काय जातं? आळशीपणा आहे हा, सर. ह्यानं आमची लाइन बदनाम होते."

'किस्सा कुर्सी का'चा इतिहास ऐकून मात्र ते खरोखरच हबकले. अमृत नहाटा स्वतः सत्ताधारी काँग्रेसचे खासदार. आणीबाणीत त्यांच्या या सिनेमाच्या प्रिंट जप्त झाल्या, जाळल्या गेल्या. संजय गांधी आणि विद्याचरण शुक्ल यांच्यावर खटला चालला, खालच्या कोर्टात शिक्षा झाली, पुढे सर्वोच्च न्यायालयात ते सुटले. नहाटांनी तोच सिनेमा १९७८ साली पुन्हा काढला.

"जाळला?" बापूंनी दोनदा विचारलं. "जाळल्याने पिक्चर अमर झालं की हो. टॅक्स फ्री करायचं, मंत्र्यांच्या हस्ते पहिला खेळ लावायचा, शाळांना सक्ती करायची. महिनाभरात कुणी नाव काढलं नसतं."

मला वाटतं, सेन्सॉरच्या आजवरच्या इतिहासावर इतकी नेमकी टीका कुणी केली नसेल.

शेवटचा 'पीपली लाइव्ह', २०१०. दिग्दर्शिका अनुषा रिझवी स्वतः वृत्तवाहिनीत काम केलेल्या, त्यामुळे ओबी व्हॅनचा धुरळा कसा उडतो हे त्यांना नीट ठाऊक. कर्जात जमीन चाललेली, नत्था आत्महत्या करणार अशी आवई उठते, आणि त्याच्या दारात देशभरातल्या वाहिन्या, जत्रा, पाळणे. तो परसाकडे गेला तर मागे कॅमेरा. तो सटकतो तेव्हा वार्ताहर त्याच्या विष्ठेवरून त्याच्या मनःस्थितीचं निदान करतो. सरकारी साहेब येऊन त्याला 'लालबहादूर' म्हणून एक हातपंप देतात. बसवायला पैसे नाहीत, तो अंगणात आडवा पडून राहतो. हातपंपाच्या दृश्याला आमची माडी हसली. बापू चिडले होते. "नारळ कुठाय? फीत कुठाय? मागे बॅनर नाही. असा हातपंप नुसता टाकून जातात का कुणी? असं दाखवून लोकांचा सरकारवरचा विश्वास उडतो."

त्या सिनेमात एक हाडकुळा म्हातारा आहे, होरी महातो. नत्थाच्या घराभोवती सगळा देश गोळा झालेला असताना तो गावाबाहेर खड्डा खणून माती विकत असतो, रोज, आणि एक दिवस त्या खड्ड्यातच मरून पडतो. तालुक्याच्या एका छोट्या वार्ताहराला ते बघून कसंनुसं होतं. बाकी कुणाला वेळ नसतो. सिनेमा संपल्यावर आम्ही खुर्च्या लावत होतो, तेव्हा बापू जवळ आले.

"सर, तो खड्डेवाला मेला, त्याची बातमी कुणी लावलीच नाही का शेवटपर्यंत?"

"नाही."

"दोन ओळी? आतल्या पानावर?"

"नाही हो बापू."

"आपल्याकडे लागली असती," ते म्हणाले. "मी लावली असती." हे त्यांनी कशा अर्थाने म्हटलं हे मला आजही ठरवता येत नाही. साहेबांनी सांत्वनपर भेट दिल्याची लावली असती, हे तर उघड आहे. पण वहीत त्या दिवशी तेवढं एकच नाव होतं, त्याच्यापुढे काही लिहिलेलं नव्हतं. मला ते चोरून बघावं लागलं. नेहमीसारखी त्यांनी वही दाखवली नाही.

माळ संपली. नंतरच्या आठवड्यात बापू घरी आले, पेढे घेऊन. साहेबांना उमेदवारी मिळाली होती. बॅगेतून कागद काढला. "सर, जरा नजर घाला. शुद्धलेखन तुमच्यासारखं कुणाचं नाही."

मथळा होता: 'साहेबांच्या प्रेरणेने तालुक्यात चित्रपट रसग्रहण चळवळ; आंतरराष्ट्रीय महोत्सवाचा थाटात समारोप.' आमच्या माडीवरच्या अकरा-बारा माणसांचं 'खचाखच भरलेलं सभागृह' झालं होतं. तरुण पिढीने माध्यमांकडे डोळसपणे बघावं, असं आवाहन साहेबांनी केलं होतं. सिनेमांची नावं कुठेच नव्हती. साहेब वाचनालयाच्या जिन्याची पायरीही कधी चढलेले नाहीत, हे मी सांगितलं, तेव्हा बापूंनी घाईने लिहून घेतलं, 'जिना – दुरुस्ती – आमदार निधी'. मी एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, कारण ते न सुधारणं मला जमत नाही. शेवटच्या परिच्छेदात नावांची रांग आणि मग तेच 'आदी मान्यवर'.

"बापू, एवढं सगळं तुम्ही केलंत," मी म्हटलं. "एकदा तरी स्वतःचं नाव घाला."

"नको सर. त्या निर्मात्याचं काय झालं, बघितलंत ना?" त्यांनी कागदाची घडी घातली, पेढ्याचा बॉक्स माझ्याकडे सरकवला आणि उठले. दारातून मागे वळून म्हणाले, "तुमचं मात्र घातलंय. फोटोसकट."